वेइक्को रांताचा दुसरा आलेख

फोन ठेवला आणि डॉक्टर हिल्का निएमी मटकन खुर्चीत बसल्या. त्यांचा रुग्ण वेइक्को रांता कॅनडातल्या थंडर बे शहराजवळच्या गोठलेल्या तळ्यावर, अंगात कोट नसताना सापडला होता. जिवंत होता, पण जेमतेम.

असं कसं होईल? नैराश्यावरचं औषध सुरू करून आठवडा झाल्यावर त्याच्या मेंदूलहरी मोजल्या होत्या. औषध लागू पडतंय, असं आलेख सांगत होता. माणूस मरणाच्या दारात आणि कागदावर आनंदीआनंद! आता तेच औषध वाढवायचं की बदलायचं? चुकलं तर माणूस हातचा जाणार.

इस्पितळात नर्सने वेइक्कोचा काचेचा डावा डोळा काढून पेल्यात ठेवला होता. लाकडाच्या गिरणीत खरा डोळा गेला होता बिचाऱ्याचा. दाराशी भाऊ एन्सिओ उभा होता. चेहरेपट्टी हुबेहूब तीच.

"गोळ्या घेत होता का?"

"मी स्वतः देत होतो, डॉक्टर. पण भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. जेवायचासुद्धा नाही."

"मोजणीला तर आला होता?"

"आला होता की." एन्सिओने नजर चुकवली.

हिल्कांनी औषधाआधीचा आणि नंतरचा आलेख शेजारीशेजारी धरले. पापणी लवली की मोजणीसाठी कपाळावर लावलेल्या तारांच्या रेघांत उंचवटा उठतो. ते उंचवटे पाहता पाहता त्या ताडकन उठल्या.

"एन्सिओ, मोजणीला तुम्ही बसला होतात."

"काहीतरीच काय!"

"तो उंचवटा खऱ्या डोळ्यामुळे उठतो, काचेच्या नाही. पहिल्या आलेखात तो फक्त उजवीकडे आहे, दुसऱ्यात दोन्हीकडे. आठवड्यात डोळा उगवला का? तंत्रज्ञ नवा होता. त्याने नाव आणि जन्मतारीख विचारली असणार, ती तुम्हाला पाठच."

एन्सिओ भिंतीला टेकला. "उठेचना हो तो! मोजणी चुकली की उपचारांच्या यादीतून नाव कापतात, असं तुमच्याच माणसाने सांगितलं. किती खटपटीने नंबर लागला होता..." त्याला रडू फुटलं. "म्हणजे माझं डोकं ठीक, म्हणून त्याला नको ते औषध चालू राहिलं?"

"हो." हिल्कांना त्याचा संताप आला होता आणि दयाही. "आता औषध बदलू. सावरला की पुन्हा मोजू. त्यालाच."

एन्सिओ आत गेला. वेइक्को जागा होता.

"या खेपेला तुलाच यायचंय. उचलून नेईन मी."

वेइक्कोने तोंड फिरवलं. एन्सिओ पलंगाला वळसा घालून त्या बाजूला गेला आणि पुन्हा तेच म्हणाला.