कोलारची वज्रटीक

“मला नकोय ते, काकू! प्लीज… परत तुमच्या पिशवीत ठेवा!”

स्वरूपानं हात झटकला आणि सुचित्राच्या ओंजळीतली वज्रटीक घसरून सोफ्यावर पडली. हळदीला आलेल्या मैत्रिणी नुकत्याच डार्टची लोकल पकडायला धावल्या होत्या. आयर्लंडमधल्या डून लेरी गावच्या त्या प्रशस्त घरात आता चौघंच उरली होती. नवऱ्या मुलीच्या गालांवरची हळद अजून ओली होती, पण तिच्या डोळ्यांत असा काही विखार होता की सुचित्रा पाऊलभर मागे सरली.

“अगं, लग्नात ही घरच्या थोरल्या मुलीच्या गळ्यात…”

“थोरल्या मुलीच्या? मी कोण तुमची? अं? कोण मी?”

लहानपणी जिच्या मांडीवर बसून ‘अगं काकू’ म्हणत दिवसभर बडबडायची, तिला आज ही पोर ‘तुम्ही’ म्हणत होती. त्या एका शब्दानं ती हजारो मैल दूर ढकलत होती.

सुचित्रानं वाकून दागिना उचलला. तिचे आजेसासरे कोलारच्या सोन्याच्या खाणीवर डॉक्टर होते. खाणीत दरड कोसळली तेव्हा त्यांनी एका सोनाराच्या मुलाचा चिरडलेला पाय वाचवला, आणि त्या सोनारानं कृतज्ञतेनं ही टीक घडवून दिली, असं घरात सांगत. एकेक दाणा हातानं ठोकलेला, म्हणून कुठलेच दोन दाणे सारखे नव्हते. तीन पिढ्यांच्या गळ्यांचा घाम पिऊन ते सोनं आता मधासारखं गडद झालं होतं. ही टीक एकटीला घालता येत नाही. मागचा रेशमी गोंडा दुसऱ्या कुणीतरी बांधावा लागतो.

“वहिनी, ती म्हणते तर राहू द्या ना,” दारातून मृणालिनीचा थंड स्वर आला. धाकटी जाऊ. इथल्याच टॅला भागातल्या हॉस्पिटलमधली नावाजलेली डॉक्टर. “तिच्यासाठी नवा सेट केलाय आम्ही. हे जुनंपानं तिच्या शालूवर दिसणारही नाही.”

ज्ञानेश, तिचा नवरा, सुचित्राचा धाकटा दीर, खिडकीबाहेरच्या करड्या समुद्राकडे बघत राहिला. तो नेहमीच असा बघत राहायचा.

“दिसण्याचा प्रश्नच नाही, मम!” स्वरूपा उसळली. “सात वर्षांची होते मी! पुण्याच्या त्या दारात हिचा पदर धरून रडत होते… आणि ही काय म्हणाली माहितेय? ‘मला तुझा कंटाळा आलाय. तू माझी कोणी नाहीस. जा!’ माझी बोटं एकेक करून सोडवली हिनं पदरातून! आणि आता सोनं घेऊन आलीय! गिल्ट आहे ना? मग बसा घेऊन गिल्ट!”

सुचित्रानं पदरानं टीक पुसली.

काय सांगणार होती ती? मृणालिनी आणि ज्ञानेश शिक्षणासाठी, नोकरीसाठी आयर्लंडला आले तेव्हा स्वरूपा जेमतेम दात येणारी पोर होती. दर काही महिन्यांनी नवं गाव, नवं हॉस्पिटल… म्हणून लेकरू सुचित्राच्या ओटीत घातलं गेलं, आणि तिची निपुत्रिक ओटी भरून वाहू लागली! मग न्यायला आई आली, आणि पोर आईला ओळखेना. आईच्या हातचा घास थुंकून टाकी, तिला जवळ येऊ देईना. शेवटी एका दुपारी मृणालिनीनं स्वयंपाकघराचं दार लावून सुचित्राचे पाय धरले होते. “वहिनी, तिचं मन तोडा. तुमच्यापासून तोडल्याशिवाय ती कधीच माझी होणार नाही…”

आणि सुचित्रानं ते तोडलं होतं. स्वतःच्या हातांनी! पुढे प्रकाश, सुचित्राचे यजमान, शेवटच्या आजारात ‘स्वरूला एकदा फोनवर दे गं’ म्हणत गेले, तरी स्वरूपानं फोन उचलला नव्हता. तेव्हाही सुचित्रानं तोंड उघडलं नव्हतं.

“काकांना तरी काय वाटलं असेल…” ती पुटपुटली.

“काकांचं नाव घेऊ नका!” स्वरूपा किंचाळली. “मला वाढवलं माझ्या आईनं. तिनं कधी मला टाकलं नाही!”

“खरंय, बाळा,” सुचित्रा कशीबशी म्हणाली. “तिनं नाही टाकलं तुला. मी चुकले. माफ कर, आणि सुखानं संसार कर.” तिनं टीक मखमलीच्या तुकड्यात गुंडाळली. “ज्ञानेशभाऊजी, उद्या अक्षता पडल्या की मला विमानतळावर सोडाल?”

“बोला ना, वहिनी!”

मृणालिनीचा आवाज एकाएकी फाटला. सगळ्यांनी दचकून तिच्याकडे पाहिलं. रागानं तिचा चेहरा काळवंडला होता.

“बोला की! गप्प बसून अजून किती मोठ्या होणार आहात माझ्यापेक्षा? दर वेळी हेच! तुम्ही सोसायचं, आणि मी तुमच्या त्या मुक्या उपकाराखाली जळत राहायचं! सांगून टाका तिला, मी तुमचे पाय धरले होते म्हणून! ते शब्द माझे होते म्हणून!”

“मृणालिनी, गप्प! उद्या लग्न आहे…” सुचित्रा दबक्या आवाजात म्हणाली.

“मम?” स्वरूपाच्या गालावरची हळद ओघळू लागली. “तू… तू सांगितलंस तिला तसं बोलायला? आणि इतकी वर्षं मला तिचा द्वेष करू दिलास? काका गेले तेव्हासुद्धा… तू कसली गं आई!”

“स्वरूपा!”

आत्तापर्यंत दबलेला सुचित्राचा स्वर पहिल्यांदाच कडाडला. “माझ्यासमोर तिला एक शब्द बोलायचा नाही! ड्युटीवरून येऊन तुझा फ्रॉक उशाशी घेऊन झोपायची ती. तुझे पहिले शब्द मी ऐकले, तुझं पहिलं पाऊल मी पाहिलं. तिनं काय पाहिलं? मी पाठवलेले फोटो! पोटची पोर परकी म्हणून थुंकते तेव्हा आईचं काय होत असेल… मला मूल नाही, पण एवढं कळतं मला.”

मृणालिनी मटकन खुर्चीवर बसली. ज्ञानेश खिडकीकडून वळला, आणि काय करावं ते न कळून तसाच उभा राहिला.

मग स्वरूपा हुंदका आवरत पुढे आली आणि लहान पोरीसारखी सुचित्राच्या पायांशी बसली, तिच्याकडे पाठ करून. मानेवरचे केस तिनं एका हातानं वर धरले.

“बांध,” ती म्हणाली. “काकू, तू बांध.”

सुचित्राच्या डोळ्यांना धारा लागल्या. तिनं वज्रटीक घेतली, क्षणभर छातीशी धरली… आणि मृणालिनीपुढे केली. “आईनं बांधावी. मान तुझा आहे.”

मृणालिनीनं त्या गडद सोन्याकडे पाहिलं, मग जावेकडे. तिच्या नजरेतली अढी अजून सुटली नव्हती, कदाचित कधी सुटणारही नव्हती.

“मला नाही येत ती गाठ,” ती तुटकपणे म्हणाली आणि तिनं मान फिरवली. डोळे मात्र भरून आले होते. “तुम्हीच बांधा, वहिनी. आणि घट्ट बांधा… उद्या दिवसभर राहायला हवी.”