वाळूवरच्या टापा

ओमिओ गावाच्या डोंगरवाटेवर त्या सकाळी धुके उतरले होते, आणि वाटेच्या मधोमध एक तांबूस तरणी घोडी खांबासारखी उभी होती. तिचा दोर धरलेला तरुण समोरून येणाऱ्या नेरिडाला म्हणाला, "उजवीकडे वळतच नाही ही! डावीकडे मात्र लोण्यासारखी."

"चढतोस डावीकडून, दाणा डावीकडून, दोरही डावीकडूनच." नेरिडा हसली. "उजवीकडेही माणसं असतात, हे तिला सांगितलंय कुणी?"

"आमच्याकडे सगळे असंच करतात."

"म्हणून सगळ्यांचे घोडे वाकडे!"

कॅलम त्याचे नाव. दूर उत्तरेच्या कुरणांवर त्याचा भाऊ नुकताच निवर्तला होता. वहिनी, लेकरे आणि गुरांचे कळप त्याची वाट पाहत होते. उजवीकडे न वळणारी घोडी गुरांमागे काय कामाची? ती सरळ झाली की निघायचे, असे त्याने ठरवले. घोडे घडवणे हा नेरिडाचा व्यवसाय; अंथरुणाला खिळलेल्या पित्याला सोडून ती कुठेही जाणार नव्हती. हे दोघांनाही पहिल्याच दिवशी कळले. तरीही...

घोडीला उजव्या अंगाची ओळख व्हावी म्हणून नेरिडाच्या वाळूच्या रिंगणात कॅलम उजवीकडून चाले, नेरिडा डावीकडून. मध्ये घोडीची उष्ण मान. मोठ्या वर्तुळातून लहान वर्तुळात, कधी आडव्या पावलांनी, तिचे ताठर अंग हळूहळू सैलावत गेले. एकमेकांचा चेहरा दिसत नसे. म्हणूनच कदाचित बोलणे सोपे जाई.

"तू गप्प झालीस की ही कान टवकारते."

"आणि तू बोलायला लागलास की पेंगते. हुशार आहे!"

"मग तू कशी जागी राहतेस?"

आयाळीवरून सरकलेला त्याचा हात तिच्या बोटांना लागला — आणि तसाच राहिला.

पाचव्या आठवड्यात, भिजलेल्या वाळूवर नेरिडाने पाहिले: डावीकडे वळताना आणि उजवीकडेही, मागच्या टापा पुढच्यांच्या रेषेतच उमटल्या होत्या. घोडी सरळ झाली होती.

"अजून थोडी ताठर आहे," ती म्हणाली. आणि दाताळ्याने तिने वाळूवरच्या त्या टापा पुसून टाकल्या. असे आठ दिवस चालले.

नवव्या दिवशी "कधी येतोस?" म्हणून कॅलमला वहिनीचा फोन आला. नेरिडाने दाताळे कुंपणाला टेकवून ठेवले.

"कॅलम... खोटं बोलले मी. ही केव्हाच सरळ झालीय."

"ठाऊक आहे. नालबंदाचा मुलगा ना मी. टापा वाचता येतात मला."

"मग बोलला का नाहीस?"

"तू इतक्या घाईघाईने पुसायचीस..." त्याने दाताळ्याकडे पाहिले. "जीव जडलाय गं तुझ्यावर. आणि तिकडे ती लेकरं..."

"माझाही जडलाय. पण थांबलास तर मीच हाकलून देईन, वेड्या."

दुसऱ्या सकाळी नेरिडा मुद्दाम घोडीच्या उजवीकडे उभी राहिली. तिला न्यायला आलेल्या गाडीच्या फळीवर पाय ठेवता ठेवता घोडी थांबली. कुणी दोर ओढला नव्हता. तरी तिची मान अलगद उजवीकडे वळली, आणि नेरिडाच्या ओंजळीत नाक खुपसून तिने दीर्घ श्वास सोडला.

गाडी वळणाआड गेली. रिंगणात कालच्या टापा तशाच होत्या. नेरिडाने दाताळे उचलले... आणि पुन्हा कुंपणाला टेकवून ठेवले.