डोलकाठीचा साष्टांग नमस्कार

"कुसुम, लवकर ये! दौलतरावांची होडी निघाली, आणि काठी उभीच!" शेजारच्या भैरूने कुंपणावरून आरोळी ठोकली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दापोडीत याहून मोठे नवल ते कोणते? कुसुम धावली. बैलगाडीवर शिडाची नवी होडी विराजमान झाली होती. तिच्या मधोमध हार घातलेली डोलकाठी आभाळाला भिडली होती. काठी तोलून धरणारी लोखंडी तार मनगटाला गुंडाळून कुसुमचे दत्तोबाकाका गाडीशेजारी उभे होते.

"काका, ही आडवी का नाही केली?"

"मुहूर्तावर उभी केलीया, पोरी. मालक म्हनत्यात, पान्याला लागंपतुर आडवी करायची न्हाई."

कुसुमने वाटेकडे पाहिले. नदीकडे जाताना रेल्वेचे फाटक लागते आणि वर विजेची तार!

"भैरू, फाटकावरची पाटी वाचून ये. तार किती उंच आहे ते बघ!"

तो जाऊन येईतो तिने घरातून पट्टी आणून उन्हात उभी धरली. पट्टी एक फूट, सावली सहा इंच. म्हणजे बरोबर निम्मी! गाडीसकट काठीची सावली भरली बारा फूट.

"अठरा फूट!" भैरू धापा टाकीत परतला.

"आणि काठी चोवीस फूट! मालक, काठी तारेला लागेल! काकांना झटका बसेल!"

"सुट्टीत गणिते कसली करतेस? आंबे खा!" दौलतराव मिशीवर ताव देत म्हणाले. "हाका गाडी!"

चाके करकरली. काकांची मूठ तारेवर आवळलेलीच होती. कुसुमने क्षणभर विचार केला आणि औक्षणाचे तबक घेऊन चाललेल्या सुभद्राबाईंचा, दौलतरावांच्या आईचा, पदर धरला.

"आजी, नदी म्हणजे आपली आईच ना? मग आईच्या भेटीला असे ताठ मानेने जावे का? साष्टांग नमस्कार घालीत जायला हवे!"

सुभद्राबाई जागीच थबकल्या. "खरेच की गं! दौलत, आडवी कर ती!"

"पण आई, मुहूर्त..."

"नमस्काराला मुहूर्त लागतो होय रे?"

दौलतरावांची मिशी खाली आली. दत्तोबांनी तार सैल सोडली. एकाने बुंधा पायाने दाबून धरला, दोघांनी काठी खांद्यावर घेत हळूहळू निजवली. भैरूने मागे निघालेल्या टोकाला लाल फडके बांधले, म्हणजे मागून येणाऱ्याला दिसावे.

फाटकाशी पोचतात तोच विजेची गाडी धडधडत गेली. वरच्या तारेवर निळी ठिणगी चटकन उडाली! फाटकवाले मारुतराव काठीची लांबी न्याहाळीत म्हणाले, "आडवी आनली ते ब्येस केलं, दत्तोबा! उभी असती तर तुमी आज घरी जात नव्हता."

दौलतरावांना दरदरून घाम फुटला. नदीकाठी काठी पुन्हा उभी राहिली, होडी पाण्यात डुलू लागली. तेव्हा ते कुसुमकडे वळून म्हणाले, "पोरी, तुझे ऐकले नाही, चुकलेच माझे. पण हा नमस्कार कुठल्या पोथीत लिहिला आहे?"

"कुठल्याच नाही. वाटेतच सुचला!"

काकांनी पुतणीला पोटाशी धरले. सुभद्राबाईंनी तिच्या कपाळी कुंकू लावले आणि लेकाकडे वळून बजावले, "मग आजपासून लिही! आणि खाली हिचेच नाव घाल!"