कठड्यावर बसलेले सावळाराम

मुरबाडच्या बाजारपेठेत सुयोगचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, वाढदिवसाचे बॅनर ही कामं असतातच, पण स्टुडिओ खरा चालतो तो मेलेल्या माणसांवर. वर्षश्राद्ध आलं की घरचे कुठल्यातरी लग्नातला ग्रुप फोटो घेऊन येतात, सुयोग त्यातून गेलेल्याचं डोकं उचलतो आणि कॉम्प्युटरमधल्या निळ्या कोटावर बसवतो. कोट एकच. तालुक्यातले निम्मे स्वर्गवासी आज त्या एकाच कोटात भिंतींवर टांगलेले आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांनी हयातीत कोटाला हातसुद्धा लावला नव्हता.

सुयोगला या कामाचा वीट आला होता. त्याला खरा फोटोग्राफर व्हायचं होतं. म्हणून तो मुंबईला गेला, समुद्राकाठच्या कठड्यासमोर ट्रायपॉड लावला, लेन्सवर काळी काच चढवली आणि सूर्य बुडताना शटर अर्धा मिनिट उघडं ठेवलं. असं केलं की लाटांचं धुकं होतं आणि चालती माणसं फोटोत उमटतच नाहीत. एवढ्या गर्दीत किनारा अगदी रिकामा आला, वर केशरी आभाळ, लांबवर इमारतींचे दिवे. ठाण्याच्या प्रदर्शनाला फोटो पाठवायचा आज शेवटचा दिवस होता. निवड झाली तर निळ्या कोटापासून सुटका होती.

दिवेलागणीला वीज गेली. बाजारही गप्प झाला. लॅपटॉपच्या उजेडात सुयोगने क्षितिज सरळ केलं, केशरी रंग जरा खाली आणला, मग फोटो मोठा करून धुळीचे ठिपके पुसू लागला. कुठूनसा खारट, ओलसर वास यायला लागला होता. आणि कठड्यावर त्याला एक माणूस दिसला.

अर्ध्या मिनिटात जिवंत माणूस थोडा तरी हलतोच, त्याच्या कडा पुसट होतात. हा मात्र लख्ख होता. पाय खाली सोडून, थेट कॅमेऱ्याकडे बघत. अंगात निळा कोट.

"सावळारामबाबा...?"

मागच्याच आठवड्यात त्यांची बायको धोंडूबाई त्यांच्या वर्षश्राद्धाचा फोटो करून घ्यायला आली होती. "जल्मभर भात लावला, समुद्र काय बघला नाय त्यांनी. मागं समुद्र टाक," म्हणाली होती. सुयोगने याच फोटोचा तुकडा मागे टाकला होता. चुकून मूळ फोटोतच चिकटवले वाटतं, असं म्हणून त्याने स्वतःला शिव्या घातल्या. पण त्याने सावळाराम फक्त छातीपर्यंत बनवले होते. इथे कोटाखाली धोतर होतं आणि धोतराखाली चिखलाने भरलेले पाय.

सुयोगने डोळे अर्धवट मिटून त्यांना पुसून टाकलं.

थोड्या वेळाने दार वाजलं. मागच्या आळीत राहणारी धोंडूबाई फ्रेम छातीशी धरून उभी होती.

"सुयोग... हे कुठं गेले रे?"

फ्रेममध्ये हार होता, समुद्र होता, सावळाराम नव्हते.

"दिवा लावाया गेले, बघते त जागा मोकळी..."

सुयोगने लॅपटॉपकडे धाव घेऊन पुसलेलं परत आणलं. फ्रेममध्ये आधी कोट उमटला, मग सावकाश चेहरा.

"आले!" धोंडूबाईने पदराने काच पुसली. "पन दमलेत बग किती. कुठं धाडलं व्हतंस?"

सुयोगने सगळं सांगून टाकलं. प्रदर्शन, रिकामा किनारा, सुटका. धोंडूबाई स्टुलावर बसून ऐकत राहिली.

"तुजं नुकसान नको बाबा. पुस," ती हळूच म्हणाली. "पन मंग सांजच्याला मी दिवा कुनापुढं लावू?"

सुयोगला भरून आलं. प्रदर्शन गेलं उडत म्हणत त्याने फोटो सावळारामांसकट पाठवून दिला.

आणि फोटो निवडला गेला! दर्शनी भिंतीवर लागला. इतका स्थिर बसणारा माणूस मिळाला कुठे, असं जाणकार विचारत होते, आणि सुयोग अभिमानाने दिवसभर फोटोशेजारी उभा होता. धोंडूबाईही आली. फोटोला नाक लावून बराच वेळ काहीतरी पुटपुटली, मग पोटभर वडापाव खाऊन निघून गेली.

घरी आल्यावर सुयोगने कौतुकाने लॅपटॉपवर फोटो उघडला. सावळाराम कठड्यावर एका बाजूला सरकले होते. शेजारी एका माणसापुरती जागा होती, आणि त्या जागेवर त्यांचा हात होता, या बसा म्हणावं तसा. सुयोगने घाबरून फोन लावला.

"काकी... तुमी बऱ्या आहात ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"बाबांनी शेजारी जागा केलीय... तुमच्यासाठी तर नाय ना?"

धोंडूबाई खुदकन हसली.

"माजी नाय रे ती. तू दिवसभर उभा व्हतास, माजा जीव तुटला. म्हनून मीच त्यांना सांगितलं, पोराला जरा बसाया जागा द्या."