सतरा जणांची हजेरी

तूवाने गाडी चर्चपाशीच ठेवली आणि उरलेली वाट बर्फातून तुडवत ती शिपायाच्या झोपडीकडे निघाली. काम साधंच होतं. अल्बममधल्या शेवटच्या गाण्याचा कोरस तेवढा रेकॉर्ड करायचा, आणि अंधाराआधी घरी. जानेवारीत या डोंगराखाली दुपारी अडीचलाच उजेड निळा पडतो.

दारावर जुना लोखंडी पत्रा अजून होता: क्रमांक अडतीस. पूर्वी गावाने राजाला शिपाई पुरवायचा आणि त्याला राहायला ही झोपडी द्यायची. एक मेला की दुसरा यायचा; झोपडी तीच, आडनावही तेच, रास्क. त्या नावाचा शेवटचा म्हातारा सिक्स्टन. त्याने ही झोपडी गेल्या वर्षी तूवाच्या बँडचा गायक योआर याला विकली होती, आणि योआरने तिथे स्टुडिओ थाटला होता.

सिक्स्टन चुलीशेजारच्या बाकावर, इकडच्या रीतीने, कॉफीत चीजचे तुकडे बुडवत बसला होता. चर्चमधला त्याचा खर्जाचा आवाज कोरसला हवा होता.

"या प्रोफेसरबाई!" योआर म्हणाला. "चेहरा बघून कळलं, माझा निरोप वाचलेला दिसतोय."

"गाण्यातली नावं काढून टाकलीस तू."

"नावं नाही, हजेरी काढून टाकली. दहा गाणी तलवारी, किल्ले, घोडदौड… आणि अकराव्यात तू शाळेसारखी हजेरी घेणार? लोकांना मुठी उंचावायच्या असतात, तूवा. रडायला ते घरी रडतात."

तिने पिशवीतून वही काढून टेबलावर आपटली. सहा वर्षं ती ग्लासगोत इतिहास शिकली होती, आणि परत आल्यावर सबंध उन्हाळा तिने चर्चच्या जुन्या दप्तरात घालवला होता. तीनशे वर्षांपूर्वी शेजारच्या देशाशी लढताना राजाला गोळी लागली, साम्राज्य बुडालं, आणि भर हिवाळ्यात सेनापतीने फौजेला डोंगर ओलांडून मागे फिरायचा हुकूम दिला. बंदुकांचे दस्ते जाळून माणसं शेकत होती. या गावातून सतरा गेले होते, एकही उतरला नाही. ती नावं कुणीतरी मोठ्याने घ्यावीत, एवढ्यासाठी तर तिने हे गाणं लिहिलं होतं.

"आणि त्यांच्या तोंडी काय घातलंस? 'आनंदे चाललो मुकुटासाठी'! आनंदे? त्यांची बोटं गळून पडली होती रे!"

"यमक जुळतं."

"सिक्स्टनकाका, तुम्ही तरी सांगा याला."

"रास्क म्हणजे चपळ," म्हातारा कप खाली ठेवत म्हणाला. "चपळ असून त्या सतरांतला रास्कही नाही पोचला. मी काय सांगू? गाऊन घ्या, मला चार वाजता औषध आहे."

तिघांनी गायचं, जागा बदलून पुन्हा गायचं, असे रेकॉर्डिंगचे आठ थर एकावर एक चढवले की तिघांची फौज होते. असंच करतात सगळे. तूवा दात आवळून गायली.

तीन थर झाल्यावर योआरने ऐकवलं. आवाज वाढायला हवा होता. तो कमी झाला होता.

"वायर सैल असेल," तो म्हणाला.

पाच थरांनंतर पंधरा गळ्यांऐवजी एखादाच माणूस लांबून गुणगुणतोय असं वाटलं. योआरने वायरी बदलल्या, माईक बदलला, शिव्या घातल्या. आठवा थर चढला, आणि स्पीकरमधून गाणं आलंच नाही. करकर आवाज आला. गोठलेल्या बर्फावर पुष्कळ पावलं… एका संथ लयीत.

"ते गायला तयार नाहीत," तूवा म्हणाली. तिला भीती वाटायला हवी होती; तिला विजय झाल्यासारखं वाटलं. "बघ! खोटं नाही गाणार ते!"

"तूवा, नको…" योआर कुजबुजला. तिने माईक ओढला आणि वही उघडली.

"एरिक मूदिग!"

"हजर." स्पीकरमधून. घोगरा, जवळचा.

"पेर डोल्क!"

"हजर."

तिचे डोळे भरून आले. ती वाचत गेली, आणि प्रत्येक 'हजर' आधीच्यापेक्षा कडक होत गेला. त्यात कृतज्ञता नव्हती. दात खाऊन दिलेलं उत्तर होतं ते. सतरावं नाव मॉन्स रास्क. "हजर," हे उत्तर स्पीकरमधून नाही, दाराबाहेरून आलं.

मग सतरा जोड बूट एकदम जुळले, आणि खिडकीची काच थरथरली.

सिक्स्टन उठून उभा राहिला होता. "पोरी… हजेरी कशाला घेतात, ठाऊक आहे ना तुला?"

"आठवण राहावी म्हणून…"

"फौजेत? हजेरी झाली की कूच. शेवटची हजेरी त्यांनी डोंगरापलीकडे दिली होती, आणि मग हुकूम मिळाला." त्याने खिडकीकडे हात केला. "आता ते तुझ्या हुकमासाठी थांबलेत. आणि फार चिडलेत."

बाहेर निळसर बर्फ होता, माणूस एकही नव्हता. फक्त माणसाच्या उंचीवर वाफेचे पुंजके येत होते, विरत होते. एका ओळीत. तूवाने मोजले नाहीत.

तीनशे वर्षं ते ज्या सेनापतीवर चिडून आहेत, त्याच्याच जागी ती जाऊन उभी राहिली होती. वही हातात घेऊन, ऊब असलेल्या खोलीत.

"काय… काय सांगू त्यांना?"

"त्याने सांगितलं नाही ते."

तिने माईक धरला. "फौज… बरखास्त. ज्याने त्याने आपापल्या घरी जावं."

मग वाफ विरली. पावलं पांगली, एक गिरणीकडे, दोन चर्चकडे, काही ओढ्यापलीकडे, जिथे आता नुसते जोत्याचे दगड आहेत. करकर लांब जात थांबली.

योआर भिंतीला टेकून खाली बसला आणि हसायला लागला. "गेले… गेले ना सगळे?"

"रास्कचं घर हेच," सिक्स्टन म्हणाला. तो दाराकडे बघत होता. दार बंदच होतं. दारापासून चुलीपर्यंत फळ्यांवर बर्फाचे ठसे होते, येणारे, परत जाणारे नाहीत. आणि ज्या बाकावरून तो आत्ताच उठला होता, त्या बाकावर बर्फाचा थर होता. चूल धडधडत होती. बर्फ वितळत नव्हता.