तिसऱ्या तळ्याचा धक्का

मोटरबोट घरी आली नाही, ती नदीवरच राहिली. पण तिच्यापायी घरातलं जेवणाचं टेबल गेलं. त्यावर नकाशा पसरला होता. चार कोपऱ्यांवर चार कप पालथे घातलेले, मधून निळी नदी वेटोळी घेत चाललेली, आणि तिच्या वाटेत तीन तळी. जेवणं स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्यानं उरकायची, असं ठरूनच गेलं.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरातल्या निम्म्या इमारतींच्या लिफ्टांचे दोर, ब्रेक आणि दरवाजे त्याच्या हाताखालून गेले होते. "जन्मभर वर-खाली केलंय, आता आडवं जायचंय," असं त्याची बायको मैत्रिणींना हसत सांगायची. तिचं चष्म्यांचं दुकान होतं. डोळे तीच तपासायची. पाण्याची मात्र तिला मनस्वी भीती. पोहता येत नव्हतं आणि शिकायची इच्छाही नव्हती. बोट घेतल्याच्या दिवशी ती काठावरूनच पाहून आली. पांढरी, बाजूला निळा पट्टा, मागं दणकट इंजिन. "छान आहे," ती म्हणाली होती, "तू जा. मी इथून हात हलवीन."

पण बेत आखायला तिला आवडायचं. संध्याकाळी दुकान बंद करून आली की ती चष्म्याला बांधायची काळी दोरी घेऊन टेबलाशी बसायची. नदीच्या प्रत्येक वळणावर दोरी फिरवायची आणि मग ती सरळ करून पट्टीवर मोजायची. तो त्यावरून पेट्रोलचा हिशेब करायचा. पहिल्या तळ्यापर्यंत टाकी पुरेल. तिथं धक्क्यावर पंप आहे, त्यावर ती भरून घ्यायची. मग एक रुंद कालवा, दुसरं तळं, तिथल्या लॉजवर मुक्काम. तिथून पुढं एक अरुंद, वेताच्या बेटांमधून जाणारी वाट. तिच्या टोकाला तिसरं तळं.

"इथं नकाशावाल्याचा हात थकला बहुतेक," ती तिसऱ्या तळ्यावर बोट ठेवून म्हणाली. खरंच, बाकी दोन्ही तळ्यांत खोलीचे आकडे होते. तिसऱ्यात नुसता निळा रंग.

एका रविवारी दुपारी त्यानं पहिल्या तळ्यावरच्या पंपाला फोन लावला. उचलला एका म्हाताऱ्या बाईनं. त्यानं बोटीचं वर्णन केलं, कधी येणार ते सांगितलं.

"अगंबाई, परत येताय का?" ती म्हणाली. "बरं झालं. बाई कशा आहेत?"

"मी पहिल्यांदाच येतोय," तो म्हणाला. "बोट जुनी आहे. आधीचे मालक आले असतील."

"असतील बाई. मला नाही माहीत मालकाबिलकाचं. निळ्या पट्ट्याची बोट, आणि त्या डोळे तपासणाऱ्या बाई. माझ्याकडं नुसतं बघून म्हणाल्या, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय, वेळेवर दाखवा. निघाला की हो खरंच! त्यांचा चष्मा राहिलाय इथं. पत्ता द्या, पाठवून देते."

त्यानं पत्ता दिला. का दिला ते त्यालाही सांगता आलं नसतं. बायकोला सांगितलं तेव्हा ती खळखळून हसली. "आमच्या धंद्यातल्या बायका सगळीकडं आगाऊपणा करतात. असेल कुणीतरी मेली."

चष्मा आला तो कापडात गुंडाळून. साधी तपकिरी फ्रेम, वापरून वापरून काड्यांचा रंग गेलेला. ती तो दुकानात घेऊन गेली, काचांचा नंबर यंत्रावर बघायला. नुसती गंमत म्हणून गेली होती. परतली तेव्हा चप्पल पायातच ठेवून ती टेबलाशी येऊन बसली.

"माझाच आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"माझ्या उजव्या डोळ्याच्या तिरक्या नंबराचा कोन फार विचित्र आहे. इतक्या वर्षांत असा दुसरा माणूस मला भेटलेला नाही. तो कोन या काचेत आहे." तिनं काच उजेडात धरली. "फक्त नंबर आत्ताचा नाही. माझे डोळे ज्या चालीनं उतरतायत ना, त्या हिशेबानं म्हातारपणी लागेल तो."

"योगायोग असेल."

"असेल," ती म्हणाली, आणि तो चष्मा तिनं कपाटात ठेवला. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. एखादी जुनी ओळख रस्त्यात दिसावी आणि नाव ओठांवर येऊ नये, तसं काहीसं होतं.

त्यानंतर ती बदलली, पण इतकी हळू, की बदल कुठून सुरू झाला ते त्याला बोट ठेवून दाखवता आलं नसतं. ती दुपारी दुकान बंद करून घरी येऊ लागली. टेबलाशेजारच्या कोचावर तिला गाढ झोप लागायची. पडद्यातून येणारं ऊन नकाशावर हलायचं, निळ्या रंगावर चकाकायचं, आणि क्षणभर वाटायचं की कागदाला लाटा आहेत. झोपेतून उठली की ती थोडा वेळ पाय जमिनीला लावायची नाही. कोचावरच दुमडून बसायची आणि म्हणायची, "किती शांत असतं रे तिथं. इंजिन बंद केलं तरी बोट चालतच राहते."

"कुठं?"

"वेतातून बाहेर पडल्यावर."

एकदा तो नकाशावर पेन्सिलीनं वाट आखत होता. तिनं त्याच्या मनगटाला हात लावला. "इथं उजवीकडून काढ. पाण्याखाली झाड पडलंय."

"कुठं लिहिलंय?"

तिनं वाकून पाहिलं. "नाही लिहिलं? मला वाटलं, वाचलंय मी."

जे हलतं त्याला हलवणारं काहीतरी असतं, यावर त्याचा धंदा उभा होता. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये भूत असतं म्हणणारे लोक त्यानं रगड पाहिले होते; भूत दर वेळी एखाद्या झिजलेल्या चाकात सापडायचं. म्हणून त्यानं ती दुकानात असताना दुसऱ्या तळ्यावरच्या लॉजला फोन केला. खोलीचं विचारता विचारता सहज म्हणून झाडाचं विचारलं.

"आहे ना," मॅनेजर म्हणाला. "नवख्या माणसाच्या बोटीचा पंखा हमखास अडकतो. पण तुम्हाला काय सांगायचं? मागच्या वेळी बाईंनी उभं राहून हात केला आणि तुम्ही उजवीकडून काढलीत. आम्ही इथं टाळ्या वाजवल्या."

त्यानं विचारलं, "बाई आणखी काय म्हणाल्या?"

"काही नाही हो. सकाळी अंगणात बसल्या होत्या, पुढच्या वाटेकडं बघत. चहा तसाच गार झाला. दुसरा करून नेला, तोही गार झाला."

हे त्यानं बायकोला सांगितलं नाही. तिसऱ्या तळ्याचा नंबर त्यानं बरेच दिवस लावला नाही. शेवटी एका सकाळी कामावर, एका उंच इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटरशेजारी बसून त्यानं तो लावला. धक्क्याची राखण करणारा माणूस सावकाश बोलणारा होता. मागं पाण्याचा आवाज होता, चपचप, चपचप.

"निळा पट्टा," तो माणूस म्हणाला. "हो तर. आठवतंय."

"आम्ही दोघं होतो का?"

"नाही. तुम्ही एकटेच आलात."

गच्चीवर वारा सुटला होता. त्यानं फोन कानाशी घट्ट धरला. "आणि बाई?"

"मीही तेच विचारलं. तुम्ही म्हणालात, ती पुढं गेलीय. मी म्हटलं, अहो, पुढं कुठं? वाट इथंच संपते. तुम्ही नुसते हसलात. फार खुशीत होता तुम्ही. एवढा खुशीत असलेला माणूस मी या धक्क्यावर पाहिला नाही."

त्या दिवशी त्यानं काम अर्धवट टाकलं. तसं त्यानं आजवर कधी केलं नव्हतं. तो नदीवर गेला आणि बोटीत नुसता बसून राहिला. पाणी स्वच्छ होतं, ऊन होतं, काठावर कुणीतरी कपडे धूत होतं. बोटीत काहीही चुकीचं नव्हतं. तेच त्याला सहन होईना.

घरी येऊन तो म्हणाला, "बेत रद्द. इंजिनात बिघाड आहे. गिअरचा शाफ्ट, बेअरिंग, सगळंच."

ती कोचावर दोरी बोटाला गुंडाळत बसली होती. "खोटं बोलताना तू नटबोल्टची नावं घेतोस."

तो तिच्याजवळ बसला. "तुला पाण्याची भीती वाटायची ना गं? ती कुठं गेली?"

"खरंच, कुठं गेली?" तिलाच नवल वाटलं. मग तिनं त्याचा हात हातात घेतला. तिचा हात गार होता आणि किंचित ओलसर, आत्ताच धुवून आल्यासारखा. "तू घाबरू नकोस. मला काही होत नाही. उलट मला सारखं वाटतं, मी केव्हाची निघून बसलेय आणि तूच उशीर करतोयस."

"मी तुला तिकडं नेणार नाही."

"बरं."

"म्हणजे काय, बरं? मी बोट विकतोय."

"बरं म्हटलं ना. कर रद्द." ती हसली आणि उठून गॅलरीत गेली.

इतक्या सहज ती कधी कशाला हो म्हणाली नव्हती. पण त्याला बरं वाटलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. त्यानं टेबलावरचे कप उचलले आणि नकाशा गुंडाळला. खाली टेबलाचं लाकूड फुगलं होतं. हात फिरवला तर दमट लागलं. वर्षानुवर्षांचं टेबल, त्यावर कधी थेंब सांडला तरी ती लगेच पुसायची.

दुपारचं ऊन खोलीभर पसरलं होतं. त्यानं फोन घेतला. पंपावरची म्हातारी हळहळली. लॉजचा मॅनेजर म्हणाला, हरकत नाही, पुन्हा कधी या. राहिलं तिसरं तळं.

गॅलरीत बायको वाळलेले कपडे काढत होती. दारातून तिची पाठ दिसत होती. तिकडं नजर ठेवूनच त्यानं नंबर लावला.

"आम्ही येत नाही आहोत," तो म्हणाला. "कळवावं म्हटलं."

पलीकडं पाणी वाजत होतं. चपचप, चपचप.

"ठीक आहे," तो माणूस म्हणाला. "पण मग बाईंना काय सांगू?"

"कोणत्या बाईंना?"

"तुमच्या. इथंच बसल्यात, धक्क्याच्या टोकाला, पाण्यात पाय सोडून. सकाळपासून आहेत. तो येईल म्हणाल्या."

गॅलरीत बायकोनं चादर झटकली. तिचे दोन्ही हात त्याला दिसत होते. बांगड्यांचा आवाज ऐकू येत होता.

"कशा दिसतात त्या?"

"आता कशा म्हणजे? आपल्या बाई. थांबा, फोन नेऊन देतो."

नको, असं त्याला म्हणायचं होतं. पण तोवर तो माणूस निघाला होता. फोनमध्ये फळ्यांवरून चालत जाणारी पावलं ऐकू येऊ लागली. पाण्याचा आवाज जवळ जवळ येत गेला.

बायको कपड्यांचा गठ्ठा घेऊन आत आली. कोचावर बसली. एक एक कपडा मांडीवर घेऊन घड्या घालू लागली.

पावलं थांबली.

कुणीतरी फोन हातात घेतला. श्वास ऐकू आला, शांत, लयीत.

तो बायकोकडं बघत राहिला. तिनं त्याच्याकडं मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. त्याच्या सदऱ्याची बाही सरळ करत ती म्हणाली,

"तिला म्हणावं, पाय वर घे. ऊन कललं की पाणी चढतं तिथं."

पाण्यात सोडलेल्या पायांबद्दल त्याच्या तोंडून एक शब्दही गेला नव्हता.

फोनमध्ये पाण्यातून पाय वर काढल्याचा आवाज आला. एक, मग दुसरा. आणि मग बराच वेळ, लाकडावर थेंब पडत राहिले.