चालू आहे, मी तपासलंय

आत्याचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला टाकायला ती दुकानात शिरली, आणि घड्याळ हातातच राहिलं. काउंटरमागे, पोट उघडून पडलेल्या घड्याळांच्या घोळक्यात, एक काळी डबी हिरवी लुकलुकत होती. डबीवर चिकटवलेलं नाव कालच तिच्या यादीत आलं होतं, आणि आज सकाळीच तिने ते खोडलं होतं.

"तुमचा बंद आहे," ती हळूच म्हणाली.

घड्याळवाल्याने डोळ्याचं भिंग काढलं. "इथे बंदच सगळं येतं. चालू असलेलं कोण कशाला आणेल?"

"सर्व्हर म्हणतेय मी."

तो बघतच राहिला. "म्हणजे… यादीवाल्या तुम्ही? मला वाटलं, कुणी चष्मेवाले आजोबा असतील."

"चष्मा आहे. घरी राहिलाय."

दोन माणसांना इंटरनेटवरून थेट बोलायचं असलं, की आधी कुणीतरी त्यांना सांगावं लागतं — बाहेरून तुमचा पत्ता असा दिसतो. असे सर्व्हर तेवढंच करतात. गाठ घालून देतात आणि बाजूला होतात. लोक ते हौसेने फुकट चालवतात. पण कुठला चालू, कुठला बंद, कळणार कसं? म्हणून ती यादी ठेवायची, सगळ्यांसाठी खुली. अंघोळ झाली की चहाच्या आधी एकेकाला हाक द्यायची. ओ देईल तो राहील; खोडलेल्याने ओ दिली, तर तो परत आत. हा तिचा नेम. अंगात ताप असतानाही तो मोडला नव्हता.

"दिवसभर चालू असतो हो," तो ओशाळला. "घर मागेच आहे. फक्त सकाळी आई इथे येऊन त्याचा प्लग काढते नि इस्त्री लावते. माझ्या शर्टाला."

तिने शर्ट पाहिला. कडक इस्त्री. मग चेहरा पाहिला… आणि नजर चटकन घड्याळाकडे वळवली.

"दुपारी तपासा ना."

"नेम सकाळचा आहे."

"माझ्यासाठी एवढंसं—"

"कुणासाठीच नाही."

दुसऱ्या सकाळी त्याने ओ दिली. म्हणजे, सर्व्हरने. तिसऱ्या सकाळीही. घड्याळ न्यायला ती गेली, तर स्वारी चुरगळलेल्या शर्टात बसलेली.

"हे काय?"

"यादीत राहायचंय. आई बोलत नाही माझ्याशी, पण मी हटत नाही."

तिला हसू आवरेना. मग त्या घड्याळाचं काय झालं कोण जाणे. कधी मागे पडायचं, कधी पुढे पळायचं, आणि दर वेळी तीच ते घेऊन जायची. पुढे रोज सकाळी त्याचा फोनही येऊ लागला. "मी चालू आहे ना?"

"चालू आहात," ती लाजून म्हणायची. "मी स्वतः तपासलंय."

शेजारीच पालकाची जुडी निवडणाऱ्या आत्याचे हात एकदा हे ऐकून थांबले. आईवडिलांमागे तिनेच हिला वाढवलेलं. आत्याने नाही म्हटलं तर ही लग्न करणार नव्हती. ते त्यालाही हिने सांगून ठेवलं होतं.

"रविवारी येऊ दे त्याला," आत्या एवढंच म्हणाली.

रविवारी तो आला. शर्ट होताच तसा, बोळा करून ठेवल्यासारखा. आत्याने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुमच्याबद्दल हिच्या तोंडून ऐकलंय. तुम्ही चालू आहात म्हणे."

त्याचा चेहरा उजळला. "हो आत्या. अजून एकदाही खंड पडू दिलेला नाही."

"आणि हे तोंड वर करून सांगताय?"

"यांनी स्वतः तपासलंय ना—"

"चहा घ्या आणि निघा," म्हणत आत्या उठली.

तो गोंधळून तिच्याकडे पाहू लागला. आत्याच्या पुढे ती कधीच बोलली नव्हती… पण आता गप्प राहिली, तर हा दारातून जाणार होता.

"आत्या, थांब. चालू म्हणजे तसा चालू नाही गं. सर्व्हर चालू ठेवतात ते. मी सकाळी हाक देते ना, तेव्हा ओ मिळावी म्हणून इस्त्रीचा प्लग लावू देत नाहीत. म्हणून शर्ट असा." ती आत्याच्या समोर येऊन उभी राहिली. "आत्या, मला हे आवडतात."

आत्या दारातच थबकली. "म्हणजे हा… रोज ओ देतो?"

"रोज."

आत्या आत गेली.

तो हळूच पुढे झुकला. "मग मला कायमचं ठेवणार ना यादीत?"

"सर्व्हरला ठेवीन." तिने मान खाली घातली. "ती यादी सगळ्यांसाठी आहे… तुम्हाला नाही ठेवणार त्यात."

तो काही बोलणार, तोच आतून एक टॉवेल येऊन त्याच्या मांडीवर पडला.

"तो शर्ट काढून द्या इकडे," आत्याचा आवाज आला. "आमच्याकडे इस्त्रीला वेगळा प्लग आहे."